पक्षाघात: घरच्यांना पडणारे प्रश्न

लकवा मारला, अर्धांगवायू झाला, अंगावरून वारं गेलं, ब्रेन स्ट्रोक आला; घराघरांत बोलणं वेगळं, आजार तोच. खालचे प्रश्न रुग्णांचे नातेवाईक, आशा कार्यकर्त्या आणि शिबिरं घेणारी मंडळं पुन्हा पुन्हा विचारतात. या आजारावर आज चांगले उपचार आहेत, पण ते ठरावीक तासांतच लागू पडतात आणि ते तास बहुतेकदा घरात, रस्त्यात किंवा चुकीच्या दवाखान्यात संपतात. म्हणून पहिल्या तासांबद्दल इथे सविस्तर लिहिलं आहे.

पक्षाघातात नेमकं काय होतं?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबतो. दहापैकी साधारण आठ रुग्णांत रक्ताची गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते, उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. त्यामुळे उजवं अंग गेलेल्या रुग्णाचं बोलणंही अनेकदा जातं.

ओळखायचं कसं?

चेहरा, हात, बोलणं हे तिन्ही मिनिटाभरात तपासून होतं. 'दात दाखवा' म्हणा. ओठांचा एक कोपरा खाली राहतो का, ते पाहा. दोन्ही हात समोर सरळ धरून डोळे मिटायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. एक हात खाली घसरतो का? 'आज काय जेवलात?' असं विचारा. उत्तर अडखळत, बोबडं किंवा भलतंच आलं, किंवा प्रश्नच कळला नाही, तरी ते लक्षणच. यातलं एकही अचानक दिसलं तर आणखी काही दिसेल म्हणून थांबू नका.

दोन लक्षणं मात्र या तपासणीत निसटतात. एक म्हणजे अचानक तोल जाणं: गरगरणं, उलट्या, चालताना एका बाजूला झुकणं. आपल्याकडे याला पित्त किंवा मानेचा त्रास समजून लिंबूपाणी पाजून झोपवतात. बीपी किंवा मधुमेह असलेल्या माणसाला अशी चक्कर पहिल्यांदाच आली आणि आधाराशिवाय उभंही राहता येत नसेल, तर तो मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असू शकतो. दुसरं म्हणजे एका डोळ्याला किंवा एका बाजूचं दिसणं अचानक बंद होणं. आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, तर रक्तस्रावाची शंका घ्या.

बहुतेकांना काहीच दुखत नाही. हातपाय बधिर होतात, पण वेदना नसते, म्हणून 'सकाळी बघू' म्हटलं जातं. हा आजार तिथेच हाताबाहेर जातो.

फक्त तोंड वाकडं झालं आहे, हातपाय ठीक आहेत. हाही पक्षाघातच का?

चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आल्यानंही तोंड वाकडं होतं. त्यात कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. पक्षाघातात सहसा आठ्या पडतात, फक्त खालचा अर्धा चेहरा ओघळतो. पण हा फरक डॉक्टरांनी करायचा. तुम्ही रुग्णालय गाठा.

लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली. आता दवाखान्यात जाऊन काय उपयोग?

खूप. गुठळी अडकली आणि सुटली, असा त्याचा अर्थ. पुढच्या तीन महिन्यांत मोठा पक्षाघात येण्याचा धोका असतो आणि त्यातला जवळपास निम्मा धोका पहिल्या दोन दिवसांतच असतो. त्याच दिवशी मेंदूचा स्कॅन, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि ईसीजी करून औषध सुरू झालं, तर तो धोका बराच कमी होतो. बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात न्यायचं म्हणजे घरात वाद होणार. तो वाद जरूर घाला.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं?

आधी १०८ ला फोन. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच क्रमांक आहे. 'चक्कर आली' असं न सांगता 'पक्षाघाताची शंका आहे, अमुक वाजता सुरू झालं' असं स्पष्ट सांगा. मग रुग्णाला एका कुशीवर झोपवा, डोकं थोडं उंच ठेवा, कवळी असेल तर काढा आणि गळ्याजवळचे कपडे सैल करा. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर पाहा, कारण साखर फार खाली गेली तरी अगदी असंच चित्र दिसतं. आकडा डॉक्टरांना सांगा. चालू औषधांची पिशवी, जुने कागद, आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या.

तोंडावाटे काहीही देऊ नका. पाणी नको, साखर नको, चहा नको. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतात, घोट श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ॲस्पिरिनही नको: छातीत दुखताना ती देतात हे ऐकलेलं असतं, पण इथे गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरते. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. गुठळीच्या पक्षाघातात शरीर मुद्दाम दाब वाढवून अर्धमेल्या भागाला रक्त पोचवत असतं. दाब एकदम पाडला तर तो भागही मरतो.

कांदा हुंगवणं, तेल चोळणं, लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेणं, पारव्याचं रक्त लावणं, यांतल्या कशानंही गुठळी विरघळत नाही. प्रत्येकात वेळ जातो.

रुग्णालयाला कोणती वेळ सांगायची?

लक्षणं तुमच्या लक्षात आली ती वेळ नाही. रुग्णाला शेवटचं ठणठणीत कुणी, कधी पाहिलं, ती वेळ. रात्री दहाला बोलून झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा आढळला, तर घड्याळ दहापासून धरतात. मध्ये तीन वाजता तो स्वतः उठून लघवीला गेला होता हे कुणाला माहीत असेल, तर घड्याळ तीन वाजल्यापासून धरतात आणि उपचाराचं दार उघडं राहू शकतं. वेळ नक्की कळत नसेल तर काही ठिकाणी एमआरआय करून ठरवता येतं. ती वेळ आणि पाहणाऱ्याचा फोन नंबर कागदावर लिहून द्या.

जवळच्या दवाखान्यात न्यायचं की मोठ्या शहरात?

ज्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन चालू आहे आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, त्यांतल्या सर्वांत जवळच्या ठिकाणी थेट न्यायचं. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून 'सकाळी साहेब येतील' म्हणत बसवलं, तर ती रात्र वाया गेली. हे शोधकाम आजच करून ठेवा, विशेषतः घरात बीपी, मधुमेह किंवा हृदयरोग असेल तर. तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या रुग्णालयांना फोन करून तीनच गोष्टी विचारा: सीटी रात्रीही चालतो का, पक्षाघाताचं इंजेक्शन उपलब्ध असतं का, मेंदूविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष किंवा फोनवर मिळतात का. नाव आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. निघताना त्यांना कळवा, म्हणजे सीटीचं यंत्र आणि माणूस तयार राहतो.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन म्हणजे काय? त्यात धोका असतो म्हणतात.

अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही ती दोन औषधं. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात, आणि साडेचारपेक्षा दीड तासात दिलेलं कितीतरी जास्त गुणकारी ठरतं. अल्टेप्लेजचा डोस वजनावर ठरतो: किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग एकदम आणि उरलेला तासाभरात शिरेतून जातो. टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात देतात. म्हणून रुग्णाचं वजन माहीत असलेलं बरं.

मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा आहे. मोठ्या चाचण्यांमध्ये तो शंभरात साधारण दोन ते सहा रुग्णांत दिसला. तो धरूनही, औषध मिळालेल्यांपैकी जास्त लोक स्वतःच्या पायांवर घरी जातात. अलीकडचं मोठं ऑपरेशन, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या, पूर्वीचा मेंदूतला रक्तस्राव असेल तर हे औषध देत नाहीत. बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणतात. सही मागितली जाईल तेव्हा गावाहून काका येईपर्यंत थांबू नका. निर्णय कुणी घ्यायचा हे रुग्णवाहिकेतच ठरवा.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. म्हणजे पक्षाघात नाही ना?

तसं नाही. पहिल्या काही तासांत गुठळीचा पक्षाघात सीटीवर अनेकदा दिसतच नाही. तो स्कॅन मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. लक्षणं आहेत आणि सीटी स्वच्छ आहे, म्हणजे इंजेक्शन देण्याची वेळ अजून हातात असू शकते. अशा अहवालावर खूश होऊन रुग्णाला घरी आणू नका.

तारेनं गुठळी काढतात, ते कुणासाठी?

मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी इंजेक्शननं क्वचितच पूर्ण विरघळते. अशा वेळी मांडीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन ती बाहेर ओढतात. २०१५ मध्ये एकामागून एक आलेल्या चाचण्यांनी याचा फायदा सिद्ध केला. सहा तासांच्या आत करणं सर्वांत चांगलं. स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. महाराष्ट्रात ही सोय मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आहे. लहान गावातून येताना आधी जवळच्या ठिकाणी इंजेक्शन आणि मग पुढे, असा क्रम डॉक्टर ठरवतात.

कवटीचं हाड काढायचं म्हणतात. हो म्हणावं का?

मोठ्या पक्षाघातानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदूला सूज येते आणि बंद कवटीत तिला जागा नसते. साठीच्या आतल्या रुग्णात ४८ तासांच्या आत हाडाचा मोठा तुकडा काढला, तर जगण्याची शक्यता दुपटीहून जास्त वाढते. हाड पोटाच्या चरबीत किंवा शीतपेटीत ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. अपंगत्व मात्र यानं टळत नाही. जीव वाचल्यावर किती आधार लागेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून मगच ठरवा.

खर्चाचं काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रुग्णाला आत नेल्याबरोबर घरातल्या एकानं तिथे जायचं. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे, कागदपत्रं नंतर मुदतीत देता येतात. कोणतं रुग्णालय योजनेत आहे, ते १५५३८८ वर विचारता येतं.

तरुणांनाही होतो का?

होतो, आणि तेव्हा कारणं वेगळी असतात. सलूनमध्ये केस कापल्यावर मान झटक्यानं 'मोडून' घेण्याची सवय अनेकांना आहे. त्या झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनीही पक्षाघात येतो. मान मोडून घेऊ नका, इतकं साधं आहे हे.

बाळंतिणीचं लक्ष देऊन ऐका. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यातच 'पाणी कमी दे, अंगावर सूज येईल' या समजुतीनं पाणी तोडलं, की मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका आणखी वाढतो. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, झटके (फिट), हातापायात अशक्तपणा; यातलं काहीही दिसलं तर बाहेरची बाधा म्हणून उतारा काढत बसू नका. एमआरआयमध्ये शिरा पाहून निदान होतं, रक्त पातळ करणारं हेपॅरिन वेळेवर मिळालं तर बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी प्यायला द्या.

टाळायचा असेल तर सर्वांत आधी काय करायचं?

बीपी मोजायचं. ३२ देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात (भारतही त्यात होता) बदलता येण्याजोग्या दहा कारणांमध्ये उच्च रक्तदाब सर्वांत वर होता. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट तपासतात. १४०/९० च्या वर दाब पुन्हा पुन्हा आला तर औषध लागतं. बहुतेकांसाठी तो १३०/८० च्या आसपास आणायचा असतो. 'मला काही होत नाही' म्हणून गोळी बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण वाढलेला दाब जाणवतच नाही.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर, भाजी-आमटीतलं धरून. लोणचं, पापड, फरसाण, कोकणात सुकी मासळी, यांतच बरंचसं संपतं. सैंधव मीठ हेही मीठच, त्यातही सोडियम असतं. तंबाखूमध्ये बिडी-सिगरेटबरोबर मिश्रीही आली. दात घासायला म्हणून दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाहीत, म्हणून त्यांना वेगळं विचारावं लागतं.

आणि नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवून अर्धा मिनिट पाहा. ठोके बेताल, मनाला येईल तसे पडत असतील तर ईसीजी काढा. या बेताल नाडीत हृदयात गुठळ्या धरतात आणि पक्षाघाताचा धोका पाचपट होतो. लहानपणी संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णांना रक्त पातळ करणारं वॉरफरिनच द्यावं लागतं. त्यांचं आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीचा आकडा) साधारण २ ते ३ मध्ये राहायला हवं. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, फक्त आठवड्यात साधारण तेवढीच खा. एकदम वाढवली किंवा सोडली की आयएनआर हलतं.

एकदा पक्षाघात झाल्यावर गोळ्या किती दिवस?

बहुतेकांना जन्मभर. गुठळीच्या पक्षाघातानंतर गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, त्याबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) आणि बीपीची गोळी असते. सौम्य पक्षाघातानंतर पहिली दोन्ही एकत्र साधारण तीन आठवडे देतात आणि मग एक थांबवतात. कोणती, कधी, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. स्टॅटिन कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी चालू ठेवायचं, कारण ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. एकादशी, नवरात्र, रोजा किंवा वारी असली तरी बीपीची गोळी चुकवू नका. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस मात्र उपवासाआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नाहीतर साखर खाली जाते.

घरी आणल्यावर भरवायचं कसं?

गिळण्याची तपासणी रुग्णालयात झाल्याशिवाय तोंडानं काही सुरू करू नका. परवानगी मिळाल्यावरही पातळ पाणी सर्वांत धोक्याचं, कारण ते घशातून वेगानं घसरतं. दाटसर पेज, खिमट, दही, गुरगुट्या मुगाची खिचडी यांपासून सुरुवात करा. पूर्ण ताठ बसवून, अर्धा चमचा, चांगल्या बाजूनं. एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. खोकला आला किंवा आवाज घरघरला तर तिथेच थांबा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठलं आहे का पाहून तोंड स्वच्छ करा.

नाकात नळी असेल तर प्रत्येक वेळी नाकाजवळची खूण जागेवर आहे ना, ते पाहा. पाठ ३० ते ४५ अंश उंच करा. दीडशे ते दोनशे मिलिलिटर अन्न पिचकारीनं न ढकलता आपोआप उतरू द्या, मग ३० मिलिलिटर पाणी सोडून नळी धुवा आणि अर्धा ते एक तास तसंच बसवून ठेवा. कुटलेल्या गोळ्यांनी नळी तुंबते. कोणती गोळी कुटायची नाही, तेही विचारून घ्या. नळी निघाली तर घरी परत घालू नका.

मालिश, व्यायाम, आणि हात परत कधी चालेल?

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, पण सहा महिन्यांनंतरही थांबत नाही. हलकं तेल लावायला हरकत नाही, मात्र त्यानं हात चालत नाही. हात चालतो तो रोजच्या कामाच्या सरावानं: पेला धरणं, बटण लावणं, भाकरीचा तुकडा मोडणं, हे शेकडो वेळा. मूठ आधीच घट्ट वळलेली असेल तर स्पंजचा चेंडू दाबायला देऊ नका, वळण आणखी आवळतं. उठवताना लुळ्या हाताला किंवा बगलेत धरून ओढू नका, खांदा निसटतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. गरम पाण्याची पिशवी नको. संवेदना नसल्यानं भाजलेलं कळत नाही. झोपून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, एअर बेड असला तरीही.

बोलत नाहीत. बुद्धीवर परिणाम झाला का?

बहुतेकदा नाही. शब्द सापडत नाहीत, माणूस आत तोच असतो. एका वेळी एकानंच, घरच्या बोलीत, छोटं वाक्य बोलावं, टीव्ही बंद करावा. 'चहा हवा का?' असा हो-नाहीचा प्रश्न विचारून दहा सेकंद वाट पाहा. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलू नका. साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. रडणं, जेवण सोडणं, व्यायाम टाळणं ही त्याची खूण. त्यावर औषध आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. सांभाळणाऱ्यानंही तिथे फोन करावा.

आमचं गणेश मंडळ शिबिर घेऊ इच्छितं. काय करावं?

जागतिक पक्षाघात दिन २९ ऑक्टोबरला असतो, पण गणपतीत गर्दी आयती मिळते. बीपी मोजायचं तर नीट मोजा. आधी पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, बाही वर करून पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून दोन मापांचे पट्टे ठेवा. आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि जास्त आलेल्यांचे फोन नंबर घेऊन पंधरा दिवसांनी विचारा की दवाखान्यात गेलात का. हा शेवटचा फोन केला नाही तर शिबिराचा फारसा उपयोग होत नाही. स्टॉलवर चेहरा-हात-बोलणं ही तपासणी मुलांकडून करून घ्या; घरी आजी-आजोबांजवळ असतात ती तीच.

सही करता येत नाही. बँक आणि दाखला यांचं कसं करायचं?

सही न करू शकणाऱ्या आजारी खातेदाराला अंगठ्याच्या किंवा पायाच्या बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे, शाखेत ती दाखवायला मागा. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. पक्षाघातानंतर सुधारणा चालू असते, त्यामुळे कायमच्या दाखल्यासाठी साधारण सहा महिन्यांनी बोलावतात. रुग्णालयातून सुटी देतानाचा कागद, स्कॅनचा अहवाल आणि फिजिओथेरपीच्या नोंदी तोवर एका फाइलमध्ये जपून ठेवा.